सतरा नंबर खाली

आमच्या गावच्या वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो. यंदा तिथल्या बाई म्हणाल्या, "शालनताई, एवढी वर्षं रोपवेवर काढलीत, गमतीजमती लिहून द्या की." मी चार पानं लिहून दिली. लोक हसतील अशीच. हे त्यात दिलेलं नाही. हे या वहीत लिहिते आहे आणि वही तांदळाच्या डब्यामागे ठेवते आहे.

आमच्या गावाच्या वर पठार आहे. तिथे आधी पवनचक्क्या आल्या, त्यानंतर काही वर्षांनी मोठं उद्यान आलं. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, खोटा किल्ला, खोटी बाजारपेठ, लहान मुलांची आगगाडी, असं सगळं. राहायची हॉटेलं आणि गाड्या लावायची जागा मात्र खाली, आमच्या शिवारात. मध्ये दरी. घाटानं वर जायला जीपला पाऊण तास लागतो, म्हणून दरीवरून रोपवे टाकला. रोपवेनं नऊ मिनिटं. पहिल्याच दिवशी आमचे मॅनेजर साळुंखे साहेब यांनी आम्हा बायकांना उभं करून सांगितलं होतं, "हा खेळ नाही. ही वाहतूक आहे. एसटीसारखी. लोक मजा करायला वर जातात, पण तुमच्या दारातून जाताना ते प्रवासी असतात."

ते खरंच होतं. सकाळचे पहिले पाच-सहा डबे तर दुधाचे कॅन, भाजी आणि धुतलेल्या चादरींचेच असायचे. मग कामावरची माणसं. मग पाहुणे, बॅगा घेऊन.

रोपवे कसा चालतो ते बाहेरच्या माणसाला कळत नाही, मलाही वर्षभर कळलं नव्हतं. एक जाड दोर असतो, त्याचं एक टोक दुसऱ्याला जोडून केलेलं लांबच लांब कडं. ते वरच्या आणि खालच्या स्टेशनातल्या मोठ्या चाकांभोवती सारखं फिरत राहतं. डबे त्या दोराला चिमट्यानं धरून असतात. आमच्याकडे तीस डबे होते, प्रत्येकावर नंबर. डबा स्टेशनात शिरला की चिमटा सुटतो आणि डबा वेगळ्या रुळावरून अगदी मुंगीच्या पावलानं सरकायला लागतो. दार आपोआप उघडतं. माणसं उतरतात, दुसरी चढतात, डबा वळसा घेतो, दार आपोआप लागतं, चिमटा पुन्हा दोर धरतो आणि डबा झपकन बाहेर. डबा पूर्ण कधी थांबतच नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. जो उतरला नाही, तो परत गेला.

मी दारावरची बाई. उतरणाऱ्याला हात द्यायचा, डब्यात डोकावून पाहायचं, चढणाऱ्याला बसवायचं, दार लागलं की हातानं दाबून बघायचं. एवढंच काम. बोलायचं काम फार नाही, म्हणून मला बरं वाटलं होतं. मला चार माणसांत बोलता येत नाही. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझ्या नणंदेनं घेतलं होतं.

पण भीती होती. मला उंचीची भीती वाटते हे मी नोकरी लागताना कोणाला सांगितलं नाही. पहिलं वर्षभर मी एकदाही डब्यात बसले नाही. वर सभा असली की कोणाच्या तरी जीपमधून घाटानं जायची आणि उशीर झाला म्हणून बोलणी खायची. डबा स्टेशनातून सुटला की पायाखालची फरशी थरथरते आणि दोराला एक आवाज येतो, फुंकणीत फुंकर मारल्यासारखा. तो आवाज चढला की वारा वाढलेला असतो. मला तो आवाज यंत्राच्या आधी कळायचा. समोरच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहायच्या, त्यांची पाती गरगरून दिसेनाशी झाली की मी कठडा धरून उभी राहायची.

भिणारी माणसं मला लगेच ओळखू यायची. म्हसवडकडचं एक कुटुंब आलं होतं. त्यांनी डब्याच्या दारात नारळ फोडायचा हट्ट धरला. डबा सरकतोय आणि आजोबा नारळ घेऊन त्याच्यासोबत चालतायत. मी म्हटलं, "आवं, आत बसा आन् वर जाऊन फोडा." ते म्हणाले, "वर पोचल्यावर फोडून काय उपेग? मधीच काय झालं म्हंजी?" सांगलीकडचा एक पैलवान होता, मांडी माझ्या कमरेएवढी. त्यानं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मला त्याच्याबरोबर आत बसावं लागलं. माझी पहिली फेरी ती. नऊ मिनिटं तो डोळे मिटून होता आणि मीही. वर उतरल्यावर म्हणाला, "मावशी, तुमी हुता म्हनून आलो."  या दोन गोष्टी अंकात दिल्या आहेत.

आता नेगीजी.

यंत्र चालवायची खोली वरच्या स्टेशनात. तिथे नेगीजी बसायचे. उत्तरेकडच्या डोंगरातले, तिकडच्या दोन रोपवेंवर काम करून आलेले. बुटके, कानटोपी उन्हाळ्यातही डोक्यावर. मराठी समजायचं, बोलायचे हिंदी. मला दीदी म्हणायचे. चार वर्षांत आमची समोरासमोर भेट दहा-बारा वेळा झाली असेल, पण वॉकी-टॉकीवर रोज. संध्याकाळी पाच वाजता नवीन माणसं घेणं बंद व्हायचं. मग वरून शेवटची माणसं खाली यायची आणि एकेक डबा आला की नेगीजी विचारायचे:

"दीदी, बारह खाली?"

"खाली."

"तेरह खाली?"

"खाली."

आत कोणी नाही, असा त्याचा अर्थ. शेवटचा भरलेला डबा रिकामा झाला की ते यंत्र थांबवायचे. मी दार ओढून घ्यायची, कुलूप लावायची आणि घरी. चार वर्षं, सुट्टीचे दिवस सोडून रोज, हे असंच.

गौरी-गणपतीच्या सुट्टीतला रविवार होता. दुपारपर्यंत ऊन, मग पठारावर ढग उतरले. चारच्या पुढे दोराचा आवाज चढायला लागला. साडेचारला पहिली घंटा झाली. वाऱ्याला दोन घंटा असतात. पहिली झाली की नवीन माणसं घ्यायची नाहीत आणि दोरावरची उतरवून घ्यायची. दुसरी झाली की यंत्र बंद म्हणजे बंद. डबा झोके घेत खांबाजवळून गेला तर खांबाला आपटतो, म्हणून.

वर गर्दी होती. पहिली घंटा होताना जे रांगेत पुढे होते तेवढ्यांना बसवलं, बाकीच्यांना घाटानं पाठवायचं ठरलं. त्या शेवटच्या डब्यांत आटपाडीकडचं एक कुटुंब होतं. क्रूझर गाडी करून आलेली माणसं. सोळा नंबरात आठ जण बसले आणि त्यांची आजी राहिली. वरच्या माणसानं घाईत आजीला सतरा नंबरात एकटीलाच बसवलं. तिच्या लेकानं सोळा नंबरातून ओरडून सांगितलं होतं, "आई, मी येऊन हात धरल्याबिगार हलू नगंस." हे मला नंतर कळलं.

सोळा नंबर खाली आला. दार उघडलं. आजीची सून पहिली उतरली आणि दोन पावलांवर फरशीवर पडली. घेरी आली होती, झोक्यानं ओकारीही आली होती. तिचा नवरा उडी मारून खाली उतरला, मागोमाग बाकीची माणसं उतरली आणि सगळी तिच्याभोवती गोळा झाली. मी आणि त्यानं मिळून तिला उचललं, बाकावर आडवं केलं, मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. मागे डबे सरकतच होते.

कमरेचा वॉकी-टॉकी बोलला, "सत्रह खाली?"

मी मागे पाहिलं नाही. सतराच्या आधीचे सगळे खाली होते. जीभ चालतच होती.

"खाली," मी म्हटलं.

अठरा मी पाहिला. एकोणीस, वीस, एकवीस पाहिले. एकवीसमधून चार पोरी हसत उतरल्या आणि मी म्हटलं, "एकवीस खाली." तेवढ्यात दुसरी घंटा झाली आणि यंत्र थांबलं. फरशीची थरथर बंद झाली. मला सुटल्यासारखं वाटलं.

सून उठून बसली होती. तिच्या नवऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं. मला म्हणाला, "आमची आई कुठं बसवली?"

"कुठली आई?"

"आवं आमच्या मागच्या डब्यात हुती. म्हातारी. हिरवं लुगडं."

मी दोराकडे पाहिलं. सतरा नंबर आता वरच्या दिशेच्या दोरावर होता. दुसरा खांब ओलांडून, खोल दरीवर. डबा बाजूला कलायचा, परत यायचा. काचेत खालच्या बाजूला काहीतरी हिरवं होतं. मग ढग आला आणि डबा दिसेनासा झाला.

 

मी वॉकी-टॉकी तोंडाजवळ धरला. बटण दाबलं आणि शब्दच फुटेना. नेगीजी विचारत होते, "दीदी? बोलिए. दीदी?" लेकानं माझ्या हातातून तो ओढून घेतला आणि त्यात ओरडला, "माजी आई आत हाय. मशीन चालू करा."

 मग नेगीजी म्हणाले, "कौनसा नंबर?"

"सतरा," मी म्हटलं.

यंत्र चालू करता येत नव्हतं. वारा उतरेपर्यंत थांबायचं, मग डिझेलच्या इंजिनावर अगदी हळू ओढून घ्यायचं, एवढाच मार्ग होता. साळुंखे साहेब हॉटेलातून धावत आले. त्यांनी लेकाला हे सांगितलं तेव्हा तो माझ्याकडे वळला.

"तुमाला डोळं कशाला दिल्यात? भरलंय का मोकळं हाय एवढं बगायचं हुतं. दुसरं काय काम हुतं तुमाला?"

मी दोराकडे पाहत राहिले.

"माजी आई कवा जिन्यावर एकटी चढत न्हाई. आन् तितं टांगलिया."

मग तोच खाली बसला आणि साहेबांचे पाय धरायला लागला. ते सहन करणं मला जास्त जड गेलं.

डब्यात एक छोटा कर्णा असतो. नेगीजी बोलले की आतल्या माणसाला ऐकू येतं. आतल्यानं बोलायचं तर लाल बटण दाबून धरावं लागतं, ते आजीला कुठून माहीत. नेगीजींनी हिंदीत दोनदा सांगितलं, माताजी, नीचे बैठ जाइए, डरिए मत. मग ते मला म्हणाले, "दीदी, उनको हिंदी समझ में नहीं आ रहा होगा. आप बोलिए. मैं वॉकी माइक के पास रखता हूँ. और देखिए, दरवाज़े के ऊपर लाल हैंडल है, उसको हाथ नहीं लगाना है. सबसे पहले वो बोलिए."

ते लाल हँडल म्हणजे दार आतून उघडायचं. माणसं अडकली की खालून शिडी लावून उतरवतात तेव्हा लागतं. डब्याच्या खाली त्या जागी शिडी नव्हती. खाली झाडांचे शेंडे होते, तेही फार खाली.

उद्यानात पंचवीस वॉकी-टॉकी होते. मी बोलणार ते सगळ्यांना ऐकू जाणार होतं. स्वयंपाकघरात, तिकिटाच्या खिडकीवर, सगळीकडे.

मी बटण दाबलं. "आजी, मी खालच्या दारावरची बाई बोलतीया. तुमच्या लेकाला मी बगितलंय, त्यो माज्याजवळ उबा हाय. सूनबाई बी बरी हाय. तुमी आता बाकावर बसू नका. खाली फरशीवर बसा, मधोमध. दोनी हातानं बाक धरा. दाराच्या वर तांबडी मूठ हाय, तिला हात लावू नका. मी सांगस्तवर न्हाई."

उत्तर येणार नव्हतं. मी थांबले. डब्याचं काहीच दिसत नव्हतं, नुसता ढग आणि त्यात शिरलेला दोर. माझ्या मनात आलं, ती उठून दाराशी गेली असली तर? मग मी परत बोलायला लागले, कारण बोलत असेपर्यंत तरी ती ऐकत बसेल.

तेच ते किती वेळा सांगणार? मला गोष्टी सांगता येत नाहीत. गाणी म्हणायला आवाज नाही. मला स्वयंपाक येतो. दुसऱ्या दिवशी गौरीचं जेवण होतं, तेच मी सांगायला घेतलं.

"आजी, उद्या गवरी जेवायच्या. आमच्याकडं सोळा भाज्या लागत्यात. तुमच्याकडं बी असतील. पडवळ मी आज सकाळीच आणलंय. भेंडी महाग न्हाई यंदा. हरभऱ्याची डाळ रातीलाच निवडून ठेवायची. सकाळी उठून चुलीवर पाणी ठेवायचं, त्यात थोडं तेल, चिमूटभर हळद. डाळ बोटानं दाबली की फुटली पाहिजे, पर गाळ व्हायला नगं. मग डाळीची येळवणी काढून कटाच्या आमटीला ठेवायची..."

अशी मी कितीतरी वेळ बोलत होते. कट, भजी, अळूची वडी, कुरडया. मध्येच सांगायची, तांबड्या मुठीला हात लावू नका. मग परत अळू. लेक माझ्या शेजारी उकिडवा बसून ऐकत होता. एकदा तो म्हणाला, "अळूला चिंच लावाया सांगा, तिला तशीच आवडती." मी सांगितलं, अळूला चिंच लावायची. वॉकी-टॉकीवर एरवी सतत कोणी ना कोणी बोलत असतं. त्या वेळी पंचवीसातलं एकही माणूस मध्ये बोललं नाही.

चाळीसेक मिनिटं गेली. दोराचा आवाज थोडा उतरला. मला तो आधी कळला, मी नेगीजींना म्हटलं, "वारा पडतोय." ते म्हणाले, "हाँ दीदी, हवा का काँटा भी नीचे आ रहा है." त्यांनी आणखी पाच मिनिटं घेतली. मग इंजिन सुरू झालं. त्यांनी दोर उलटा फिरवला, पाऊल पाऊल. प्रत्येक खांबाशी ते थांबायचे, डब्याचा झोका मरेपर्यंत वाट पाहायचे आणि मग पुढे घ्यायचे. त्यांच्यासारखं यंत्र चालवलेलं मी नंतर कोणाचंच पाहिलं नाही.

सतरा नंबर ढगातून बाहेर आला. स्टेशनात शिरला. आजी फरशीवर मधोमध बसली होती, बाकाच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून. लेकानं आणि मी तिची बोटं एकेक करून सोडवली. लुगडं ओलं झालं होतं, मी माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळली. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तीच व्हय तू, सैपाकाची?"

"व्हय आजी."

"डाळ शिजवलीस, येळवणी काढलीस, आन् पुरन वाटलंच न्हाईस. तशीच भज्याकडं गेलीस."

लेक हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मी कुलूप न लावताच स्टेशनाबाहेर जाऊन ओकले.

चौकशी मंगळवारी होती. मधला सोमवार मी गौरीपुढे बसून काढला. घर माझ्या पगारावर चालत होतं, नवरा गिरणीतल्या अपघातापासून घरीच. पण मला खरी भीती त्याची नव्हती. सगळ्यांसमोर उभं राहून, मी पाहिलं नाही, असं म्हणायची होती.

खोलीत जाण्याआधी साळुंखे साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "शालनताई, मी विचार केलाय. नेगी हिंदीत विचारतो, सत्रह खाली. म्हणजे रिकामा का. तुम्ही मराठी. तुम्हाला वाटलं, तो विचारतोय, सतरा खाली आला का. खालच्या स्टेशनात पोचला का. तुम्ही म्हणालात, खाली. बरोबर? पोचलाच होता की. यात तुमची चूक कुठे आहे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मला खोटं बोल म्हणत नव्हते. त्यांना ते खरंच वाटत असावं, निदान ते बोलून झाल्यावर तरी. गावातल्या बाईला काढलं तर गाव रस्ता अडवेल, हेही त्यांच्या मनात असणार.

आत पुण्याहून आलेले कंपनीचे दोन साहेब होते. त्यांनी वॉकी-टॉकीवरचं आमचं टेप झालेलं बोलणं ऐकवलं. "सत्रह खाली?" "खाली." माझा आवाज इतका सरळ होता की मलाच परका वाटला. साळुंखे साहेबांनी शब्दाचा घोटाळा समजावून सांगितला. पुण्याचे साहेब एकमेकांकडे पाहून हसले. एक म्हणाले, "एका शब्दानं केवढं झालं." मग मला विचारलं, "ताई, तुम्हाला असंच वाटलं होतं ना? डबा खाली आला का, असं?"

आमच्याकडे घागर खाली झाली म्हणतात. घर खाली केलं म्हणतात. मी लहानपणापासून म्हणते. आणि चार वर्षं रोज संध्याकाळी मी त्या शब्दाचा अर्थ काय समजून बोलत होते, ते मला माहीत होतं आणि खोलीत आणखी एका माणसाला माहीत होतं. ते कानटोपी हातात धरून कोपऱ्यात उभे होते.

मी मान हलवली. हो अशी.

साहेबांनी लिहून घेतलं. मग नेगीजींना विचारलं, "तुमच्यासमोर खालच्या फलाटाच्या कॅमेऱ्याचा पडदा आहे. नियम असा आहे की शब्दावर न जाता पडद्यावर पाहायचं. पाहिलं होतंत?"

नेगीजी माझ्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता विचारतील. दीदी, रोज हम लोग क्या बोलते थे, एवढंच विचारलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी नजर काढून घेतली. म्हणाले, "नहीं साहब. हवा का काँटा देख रहा था. कैमरा नहीं देखा."

ते खरं होतं. म्हणून सगळं त्यांच्यावर गेलं आणि त्यांना काढलं. त्यांच्या कागदावर तसा शेरा बसला, म्हणजे दुसऱ्या रोपवेवरही यंत्राच्या खोलीत कोणी बसवणार नाही. जाताना ते डब्यात बसून खाली आले, एक पत्र्याची पेटी घेऊन. मी हात दिला. त्यांनी धरला, उतरले आणि म्हणाले, "वो माताजी ठीक हैं?"

"ठीक हायत," मी म्हटलं. आणखी एक वाक्य माझ्या तोंडात होतं. मागून डबा येत होता, मी तिकडे वळले. डब्याकडे वळायची तशी घाई नव्हती.

महिन्याभरात दोन्ही स्टेशनांत फलक लागले. "खाली हा शब्द वापरू नये. रिकामा किंवा भरलेला असेच म्हणावे." नवीन मुली कामाला येतात तेव्हा साळुंखे साहेब त्यांना ही गोष्ट सांगतात. छान सांगतात. हिंदीतला खाली, मराठीतला खाली, आणि मध्ये लटकलेली आजी. मुली हसतात. मी नोकरीत होते तोवर मग ते माझ्याकडे बोट करायचे, "ह्याच त्या शालनताई. आणि चाळीस मिनिटं बोलून आजीला शांत ठेवलं तेही ह्यांनीच." टाळ्या वाजायच्या. दरवर्षी वाजायच्या. मी खाली पाहत उभी असायची. मी लाजाळू आहे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कोणाला काही वाटायचं नाही.

दोनदा मी साहेबांच्या खोलीपर्यंत गेले. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते फोनवर, आत एकटेच बसले होते, आणि मी सुट्टीचा अर्ज देऊन परत आले.

या वैशाखात माझी नोकरी संपली. गुडघे गेले. माझ्या जागी अश्विनी आली, शेजारच्या वाडीची, बारावी झालेली. शेवटचे पंधरा दिवस मी तिला दारावर शिकवत होते. हुशार मुलगी, तोंडाची फटकळ. एका संध्याकाळी डबे रिकामे करता करता ती फलकाकडे पाहून म्हणाली, "मावशी, एक इचारू का? साहेब ती गोष्ट सांगत्यात, पर मला काय पटत न्हाई."

"काय?"

"आवं, नेगी रोज इचारायचे, तुमी रोज सांगायच्या. चार वर्सं. मग त्या चार वर्सांत तुमाला काय वाटायचं? डबा खाली आला का, असं? डबा तर तुमच्या म्होरंच असायचा, खाली येनारच की त्यो. त्ये कशाला कोन इचारंल?"

एवढ्या वर्षांत एवढी सोपी गोष्ट कोणी विचारली नव्हती. पुण्याच्या साहेबांनीही नाही.

मी म्हटलं, "मला म्हाईत हुतं ते काय इचारत्यात."

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करते आहे. मग तिनं माझं तोंड पाहिलं.

"मग?"

"मी बगितलं न्हवतं. पाठ हुती माजी. न बगता बोलले. आन् चौकशीत मान हालवली."

"आन् त्यो मानूस?"

"गेला."

"तुमी त्यास्नी सांगितलं?"

"न्हाई."

पुढचा डबा दारात आला. काचेतून दिसत होतं, आत कोणी नव्हतं. तरी अश्विनी डब्यात चढली, दोन्ही बाकांखाली वाकून पाहिलं, सरकत्या डब्यातून खाली उतरली आणि मग वॉकी-टॉकीवर म्हणाली, "नऊ रिकामा." पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. मी तिला कधी असं शिकवलं नव्हतं. शेवटचा डबा झाल्यावर तिनं दार ओढलं, कुलूप लावलं. रोज ती माझ्यासाठी फाटकाशी थांबायची, माझ्या गुडघ्यांमुळे हळू चालायची. त्या दिवशी मी फाटकाशी पोचले तेव्हा ती उतारावर बरीच पुढे गेली होती.